पाठराखीण : गोवंडीतील एका मातेचे आणि तिच्या बाळाचे प्रकरण

मुंबईच्या एम पूर्व विभागात, गोवंडी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका वस्तीत राहणारी २३ वर्षांची स्त्री, पहिल्या गरोदरपणात झालेले तिचे एचआयव्हीचे निदान आणि तेथपासून बाळाच्या अठराव्या महिन्यातील अखेरच्या तपासणीपर्यंतचा काळ, एवढा या प्रकरणाचा आवाका आहे. तिला येथे सुमन म्हटले आहे आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या, स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या कार्यकर्तीला मंगलताई. दोन्ही नावे बदललेली आहेत. ओळख पटेल असे तपशीलही बदलले किंवा गाळले आहेत. औषधांनी काय साधते याची आकडेवारी सहज मिळते. ती औषधे दहा बाय बाराच्या खोलीत, सासू आणि दिराच्या देखत, रोज कशी घेतली जातात हे मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते, आणि मंगलताईंचे बहुतेक काम तिथलेच होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडले आहे.

पार्श्वभूमी

उपचार नसतील तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही टप्प्यांत मिळून आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई नियमित उपचार घेत असेल तर स्तनपान करणाऱ्या मातांच्या बाळांतही ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. भारतात या प्रतिबंधाचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढेच हाती होते. एचआयव्हीला दाबून ठेवणारे मोफत एआरटी उपचार एप्रिल २००४ मध्ये देशातील मोजक्या रुग्णालयांत सुरू झाले, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर आणि स्तनदा मातेला, तिच्या सीडी४ पेशींची (रोगप्रतिकारक पेशींची) संख्या कितीही असो, आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे दिवसाला एकाच गोळीत घेता येतात.

मंगलताईंचे बाळंतपण त्या पहिल्या काळातले. त्यांच्या मुलाला लागण झालेली नाही, पण हे त्यांना तो दीड वर्षाचा झाल्यावरच कळले, कारण सहा आठवड्यांच्या बाळाची तपासणी करण्याची सोय सरकारी कार्यक्रमात २०१० पासून आली. पती गेल्यानंतर त्या एचआयव्हीबाधितांच्या गटात येऊ लागल्या आणि पुढे मानधनावर मातांसोबत काम करू लागल्या.

निदान आणि पहिली भेट

सुमनचे नाव प्रसूतिगृहात नोंदवले गेले तेव्हा पाचवा महिना सरत आला होता. नेहमीच्या रक्ततपासणीत पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, समुपदेशन व चाचणी केंद्रात तीन चाचण्यांनी निदान पक्के झाले, आणि त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात नोंदणी होऊन तिच्या हाती तीस गोळ्यांची डबी पडली. तेव्हा तिला बाविसावा आठवडा सुरू होता. कार्यक्रमाच्या हिशेबाने हे सारे वेळेवर झाले. समुपदेशकाने तिला आजार, औषध, बाळाची काळजी, सर्व समजावले, तिने ते मान खाली घालून ऐकले आणि शेवटी एकच विचारले, “घरी चिठ्ठी जाते का?”

जात नाही, असे तिला सांगितले गेले. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीवाचून कोणाचीही स्थिती उघड करण्यास तो मनाई करतो. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवर आहे. पण सांगितल्याने स्त्रीला मारहाण होईल, तिला घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर तिथेही कायदा हात आखडता घ्यायला सांगतो. सुमनला कायद्याने धीर आला असे दिसले नाही. तिला भीती कागदाची नव्हती, ओळखीच्या माणसांची होती. समुपदेशकाने तिला विचारले की, अशाच परिस्थितीतून गेलेल्या एका ताईंशी बोलशील का. ती हो म्हणाली, पण आपले नाव सांगू नये या अटीवर.

मंगलताई तिला समुपदेशनाच्या खोलीत भेटल्या नाहीत. बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात, जिथे सगळ्याच गरोदर बायका बसलेल्या असतात, त्या बाकावर त्या तिच्या शेजारी बसल्या आणि पर्समधून आपली गोळ्यांची डबी काढून तिच्या हातात ठेवली. डबीवरचे लेबल काढलेले होते. “हलवून बघ,” त्या म्हणाल्या. आवाज झाला नाही. झाकणाखाली कापसाचा बोळा दाबून बसवलेला होता. “मी अठरा वर्षं घेतेय गं. आमच्या शेजारणीला वाटतं, माझं थायरॉइडचं औषध चालू आहे.” सुमनने डबी पुन्हा हलवून पाहिली आणि मग प्रथमच तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले, असे मंगलताईंनी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले आहे. एआरटी घेत इतकी वर्षे जगलेली, पोरगा वाढवलेली, नीट साडी नेसून लोकलने कामाला येणारी बाई समोर बसलेली असणे, हे कोणत्याही माहितीपत्रकाने साधणारे नव्हते.

पुढच्या भेटीत सुमनने तो प्रश्न काढला जो बहुतेक स्त्रिया काढतात : हे आपल्याला कोणाकडून आले? मंगलताईंनी त्याचे उत्तर शोधू दिले नाही, आणि हे त्यांनी जाणूनबुजून केले. कोणाचे निदान आधी झाले यावरून लागण कोणाला आधी झाली हे ठरत नाही. पण गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची तपासणी होते आणि तिच्या नवऱ्याची आपसूक होत नाही, त्यामुळे घरात पहिला अहवाल बहुतेक वेळा तिचाच येतो आणि दोषही तिच्याच पदरात पडतो. ही व्यवस्थेतून येणारी गोष्ट आहे; आपल्या चारित्र्याशी तिचा काही संबंध नाही, हे सुमनला समजायला बराच काळ लागला. माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत मंगलताईंनी केलेले सर्वात मोठे काम हेच होते.

गोळी कधी घ्यायची

एआरटी केंद्राच्या कार्डावर सुमनच्या गोळ्यांचा हिशेब बरोबर येत होता. उरलेल्या गोळ्या मोजल्या की जितक्या हव्यात तितक्याच निघत. मंगलताईंनी मात्र तिला “घेतेस का?” असे न विचारता “कशी घेतेस ते सगळं सांग” असे विचारले, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. सासूबाई गरोदरपणाच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या स्वतः काढून देत. त्यांत एक गोळी वाढली तरी लक्षात येत नाही म्हणून सुमन तिन्ही गोळ्या पहाटे, सगळे उठायच्या आत, उपाशीपोटी एकदम घेत होती.

लपवण्याच्या दृष्टीने युक्ती चांगली होती, पण औषधाच्या दृष्टीने घातक. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून हे औषध लोह-कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास घ्यावे लागते, आणि एकत्र घ्यायचेच असेल तर भरल्या पोटी. ही सूचना तिला केंद्रात दिली गेली होती. पण ती ज्या दिवशी दिली गेली त्या दिवशी तिच्या डोक्यात काय चालले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मंगलताईंनी ही गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांना कळवली आणि नवे वेळापत्रक ठरले : कॅल्शियम सकाळच्या चहा-पोळीनंतर, लोह दुपारच्या जेवणानंतर आणि एआरटीची गोळी रात्री, भांडी घासून झाल्यावर. रात्री सगळ्यात शेवटी मोरीत सुमनच असे. गोळी घ्यायला तेवढी सवड पुरत होती. डबी कुठे ठेवायची, हेही तिथेच ठरले : बाळंतपणासाठी जमवलेल्या जुन्या सुती लुगड्यांच्या गाठोड्यात, कारण ते गाठोडे इतर कोणी सोडणार नव्हते.

माहेर

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले आणि रीतीप्रमाणे सुमनला सातारा जिल्ह्यातील माहेरी नेण्यात आले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आपल्याकडे मायेची आहे. मुंबईतील उपचारसेवेची साखळी मात्र नेमकी याच वेळी तुटते, आणि हे दरवर्षी घडत असूनही आपल्या कार्डांवर “माहेर कुठे, कधी जाणार, कधी परतणार” असा साधा रकाना तेव्हा नव्हता. मंगलताईंना हा धोका ठाऊक होता. त्यांनी आधीच केंद्राकडून पत्र घेऊन ठेवले होते, म्हणजे गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्रातून गोळ्या मिळाव्यात. पत्र सुमनजवळ होते, गोळ्याही पुरेशा होत्या. अडचण तिसरीच निघाली. माहेरी पाहुण्यांची वर्दळ होती, रात्री ती आई आणि दोन बहिणींच्या मधोमध झोपत होती, आणि गाठोडे मुंबईलाच राहिले होते. पिशवीच्या तळाशी असलेली डबी काढायला तिला सलग बरेच दिवस जमलेच नाही.

मंगलताईंनी रोज फोन केला असता तर हे टळले असते का, असा प्रश्न प्रकरणाच्या आढाव्यात विचारला गेला. मला तसे वाटत नाही. फोन सुमनच्या भावाचा होता आणि “दवाखान्यातल्या ताईंचा” फोन सारखा का येतो, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. शेवटी सुमननेच, बाजाराच्या निमित्ताने बाहेर पडल्यावर, स्वतः फोन करून सांगितले, “ताई, माझ्या गोळ्या चुकल्या.” रागावणे न होता ऐकून घेतले जाईल याची खात्री असल्याशिवाय हे वाक्य कोणी उच्चारत नाही. मंगलताईंनी तिला परत येण्याचे कारण सुचवले : मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नाव आहे, रक्त कमी आहे, डॉक्टरांनी तिथेच बाळंतपण करायला सांगितले आहे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. चौतिसाव्या आठवड्यात सुमन परतली.

परतल्यावर घेतलेल्या नमुन्यात रक्तातील विषाणूंचे प्रमाण एका मिलिलिटरमागे १००० प्रतींच्या वर आले. बत्तिसाव्या आठवड्यानंतर विषाणूभार दबलेला नसेल तर बाळ जास्त जोखमीचे धरले जाते आणि त्याला एका औषधाऐवजी दोन औषधे द्यावी लागतात.

हा अहवाल आला त्या आठवड्यात सुमनने नवऱ्याला सांगायचे ठरवले. तोवर मंगलताईंनी एकदाही तिला त्यासाठी भरीस घातले नव्हते. आता मात्र दोघींनी बसून तयारी केली. मंगलताई नवऱ्याच्या जागी बसून प्रश्न विचारत होत्या, तो चिडला तर, गप्प राहिला तर, रडला तर, प्रत्येक वेळी पुढचे वाक्य काय असावे हे सुमन म्हणून पाहत होती. प्रत्यक्षात सांगणे केंद्रात, समुपदेशकासमोर झाले. तो काही न बोलता उठून गेला. दोन दिवसांनी टेम्पोची पाळी चुकवून तपासणीला आला आणि त्याचाही अहवाल पॉझिटिव्ह निघाला. त्यानंतर घरात सुमन एकटी राहिली नाही.

प्रसूती, दूध आणि गुटी

प्रसूती नैसर्गिक झाली. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करण्याची गरज नसते. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, पण तिथे केसपेपरवर तिचे निदान लाल शाईने, वॉर्डात कोणालाही वाचता येईल असे लिहिले गेले. मंगलताईंनी परिसेविकांना सांगून तो कागद आतल्या फायलीत लावून घेतला. वाद न घालता, पण हलल्याही नाहीत.

बाळ मुलगी होती. तिला नेव्हिरापीन दिवसातून एकदा आणि झिडोव्ह्युडीन दिवसातून दोनदा, स्तनपान सुरू असल्यामुळे बारा आठवडे द्यायचे होते. घरी “ताकदीचे थेंब” म्हणून ही औषधे सहज चालून गेली. खरा पेच दुधाचा होता. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, दुसरे काहीही नको, हा नियम सगळ्याच बाळांसाठी आहे. एचआयव्हीबाधित मातेच्या बाळासाठी तो जिवाशी गाठ घालणारा आहे. आईच्या दुधाबरोबर वरचे दूध, पाणी, मध असे काही दिले की कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि दुधातून आलेल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते. सासूबाईंच्या हिशेबात मात्र गुटीवाचून बाळ म्हणजे हेळसांड. त्यांनी बाराव्या दिवसापासूनच सहाण काढून ठेवली होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग, सगळे साहित्य गावाहून आणलेले, निवडून डबीत भरलेले.

सुमनला सासूबाईंना “नाही” म्हणता येत नव्हते आणि म्हणून उपयोगही नव्हता. मंगलताई बाळंतिणीच्या भेटीला “दवाखान्यातल्या ताई” म्हणून घरी गेल्या. त्यांनी गुटीला नावे ठेवली नाहीत. त्या सासूबाईंजवळ बसल्या, प्रत्येक काष्ठौषधी हातात घेऊन पाहिली, आपल्या आजीची आठवण सांगितली आणि मग म्हणाल्या, “मावशी, डॉक्टरांनी सहा महिने पोटात काही नको म्हटलंय. पोटात नको, पोटावर लावा. बेंबीभोवती हिंगाचा हात फिरवा, तेल लावून चोळा, न्हाऊ घाला. पोरीला तुमचाच हात पाहिजे. आणि दूध चांगलं यायचं तर सुमनच्या पोटात अळिवाचा लाडू गेला पाहिजे, तो तुमच्याशिवाय कोण करणार?” सासूबाई लगेच मानल्या नाहीत. लसीकरणाच्या दिवशी त्यांना सोबत नेऊन, सगळ्या बायकांसमोर डॉक्टरांकडून तेच वाक्य ऐकवावे लागले. सहाण त्यानंतर भिंतीशी उभी करून ठेवली गेली. एका दुपारी सुमन झोपलेली असताना त्यांनी बाळाला मधाचे बोट चाटवले होते, हे त्यांनीच नंतर सांगितले. ते कळल्यावर सुमन फार रडली. मंगलताईंनी डॉक्टरांना कळवले आणि सुमनला सांगितले की, एका बोटाने सगळे संपत नाही, उद्यापासून पुन्हा फक्त दूध.

हा प्रसंग मी सविस्तर लिहिला, कारण मार्गदर्शक सूचनांत तो “मिश्र आहार टाळण्याबाबत समुपदेशन” अशा चार शब्दांत येतो. त्या चार शब्दांमागे एका वृद्ध स्त्रीचा मान, तिचे नातीवरचे प्रेम आणि घरातील तिची जागा आहे. तिला दुखावून बाळ वाचवता आले नसते, कारण दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर असणार होते.

सहा आठवडे, आणि त्यानंतरचा खंड

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावरील गोलांत टिपून घेण्यात आले. कार्ड वाळवून प्रयोगशाळेत गेले आणि काही आठवड्यांनी अहवाल आला : विषाणू आढळला नाही. इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोलचे औषध सुरू झाले. दहाव्या आठवड्याला सुमन केंद्रात आलीच नाही. फोन बंद.

चांगला अहवाल हाच अनेकदा खंडाचे कारण ठरतो. “निगेटिव्ह” हा शब्द ऐकला की घरातल्या माणसांना वाटते, सुटलो. दूध चालू आहे तोवर धोका चालू आहे, आणि त्या बाळाचे दोन औषधांचे आठवडे अजून पुरे व्हायचे होते, हे त्या आनंदात मागे पडते. मंगलताईंनी घरी जाणे टाळले, कारण वारंवार गेल्याने वस्तीत चर्चा झाली असती. त्यांनी असा विचार केला की, सासूबाई टोचणी काही चुकवणार नाहीत. वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या ठरलेल्या वारी त्या जाऊन बसल्या, आणि सुमन बाळाला घेऊन रांगेत उभी होती. थेंब तीन दिवसांपूर्वी संपले होते. न येण्याचे कारण साधे होते : मागच्या खेपेस एआरटी केंद्राच्या रांगेत तिला आपल्याच गल्लीतील एक बाई दिसली होती. ती बाईही औषधासाठीच आलेली होती, तिलाही तीच भीती वाटली असणार, हे मंगलताईंनी तिला सांगितले. पण समजावण्यावर न थांबता व्यवस्थाही बदलली. त्या दिवसापासून दोघांची औषधे नवरा एका खेपेत घेऊ लागला, आणि बाळाच्या तपासण्या लसीकरणाच्या तारखांना जोडून घेण्यात आल्या. औषधे त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

तीन दिवसांचा हा खंड नोंदीत तसाच ठेवला आहे. तो झाकला असता तर प्रकरण सुबक दिसले असते.

सहावा महिना आणि गट

सहाव्या महिन्यात अ‍ॅंटिबॉडी चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली. आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये गर्भात असतानाच बाळाकडे जातात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे या वयात अशी चाचणी लागण झाल्याचे सिद्ध करत नाही. प्रत्यक्ष विषाणूसाठी पुन्हा टाचेचे रक्त तपासावे लागते. हे सुमनला आधी सांगितलेले होते, तरी ते तीन आठवडे तिने कसे काढले हे तिलाच ठाऊक. त्या काळात तिला धीर दिला तो गटातील एका आईने, जिच्या मुलाचाही सहाव्या महिन्यात असाच अहवाल आला होता आणि जो आता बालवाडीत जात होता. अहवाल निगेटिव्ह आला. उष्टावण झाले, सासूबाईंनी तांदळाची खीर केली आणि गुटीचा तंटाही आपोआप मिटला, कारण सहा महिन्यांनंतर वरचे अन्न द्यायचेच असते.

याच गटातील दुसऱ्या एका मातेच्या बाळाचा अहवाल त्या सुमारास पॉझिटिव्ह आला. तिची नोंदणी प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावरच झाली होती. पाठिंबा गटांविषयी लिहिताना आपण चांगल्या शेवटांविषयी लिहितो. पण जिथे सगळ्या आया एकमेकींच्या बाळांच्या तपासण्यांच्या तारखा लक्षात ठेवतात, तिथे एकीचे सुख दुसरीला सोसवत नाही. त्या मातेने येणे थांबवले. मंगलताईंनी तिला गटात परत आणण्याची घाई केली नाही. बाळाचे उपचार लगेच सुरू व्हावेत यासाठी त्या तिच्यासोबत बालरोग विभागात जात राहिल्या, आणि ज्यांची मुले औषधे घेत मोठी होत आहेत अशा दोघी आयांशी तिची स्वतंत्र गाठ घालून दिली. दरम्यान गटात त्यांनी एक नियम आणला : अहवाल गटात जाहीर करायचे नाहीत, ज्याचे त्याने हवे तर एकेकीला सांगावे. सुमनला हा नियम आवडला नव्हता, तिला मुलीचा अहवाल सगळ्यांना सांगायचा होता. पुढे तिनेच तो इतरांना समजावून सांगितला.

मंगलताई स्वतः त्या आठवड्यात दोन दिवस कामावर आल्या नाहीत. आपल्या कार्यकर्त्या दुसऱ्यांचे दुःख वाटून घेतात, तेव्हा त्यांचे जुने दुःखही वर येते. त्यांच्याशी बोलायला मात्र तेव्हा कोणी नेमलेले नव्हते.

अखेर आणि निष्कर्ष

बाराव्या महिन्यानंतर दूध हळूहळू तोडले. प्रसूतीनंतरच्या चाचणीत सुमनचा विषाणूभार दबलेला होता आणि तो तसाच राहिला. अठराव्या महिन्यात, दूध थांबून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर, ठरलेल्या तिन्ही चाचण्या करण्यात आल्या आणि तिन्ही निगेटिव्ह आल्या. कोट्रायमॉक्साझोल त्याआधीच्या अहवालांनंतरही चालू ठेवले होते, ते बंद झाले. सासूबाईंना आजही यातले काही ठाऊक नाही. ते सांगायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सुमन आणि तिच्या नवऱ्याचा आहे.

एका प्रकरणावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलीला लागण झाली नाही ती औषधांमुळे. मंगलताई नसत्या तर लागण झालीच असती, असे म्हणता येणार नाही. नोंदींवरून इतके मात्र दिसते की, औषध वाया जात होते ते पहाटेच्या गोळ्यांमुळे, माहेरच्या गर्दीमुळे आणि रांगेतील शेजारणीमुळे, आणि या तिन्ही गोष्टी केंद्राच्या कोणत्याही नोंदीतून दिसत नव्हत्या. पहिली गोष्ट विचारण्याच्या पद्धतीमुळे कळली, दुसरी सुमनने आपण होऊन सांगितली म्हणून, आणि तिसरी मंगलताईंना त्या घराची रीत माहीत होती म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या मदर्सटूमदर्स या संस्थेने एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांना प्रशिक्षण देऊन, पगारावर नेमून, आरोग्य केंद्रांत इतर मातांसाठी उभे केले. पगारावर नेमणे हा त्यातील कळीचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही उपचार नियमित राहावेत यासाठी त्याच अनुभवातून गेलेल्या समुपदेशकांची शिफारस आहे. आपल्याकडे अशा स्त्रिया काम करतात, पण बहुधा प्रकल्पाच्या मुदतीत आणि तुटपुंज्या मानधनावर. प्रकल्प संपला की त्यांची ओळखपत्रे संपतात आणि त्यांच्याजवळची माहितीही त्यांच्यासोबत घरी जाते. बाळाच्या देखरेखीचा काळ दीड वर्षाचा आहे. तेवढ्या काळात पाठराखीण बदलता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

आढाव्यानंतर आमच्या कामात काही बदल केले. मातेच्या कार्डावर माहेरच्या मुक्कामाचा रकाना आला आणि प्रवासाच्या आधी डबी कुठे ठेवणार, गोळी किती वाजता घेणार हे तिच्यासोबत बसून ठरवले जाऊ लागले. गोळ्यांची मोजणी करताना दिवसभरातील सर्व औषधांच्या वेळा विचारल्या जातात. सहा आठवड्यांचा अहवाल देताना पुढच्या तारखा त्याच कागदावर लिहून, लसीकरणाच्या दिवसांशी जोडून दिल्या जातात. कार्यकर्त्यांसाठी महिन्यातून एकदा स्वतंत्र समुपदेशकासोबत बैठक ठेवली आहे. मानधन वाढवून ते प्रकल्पाच्या मुदतीपासून वेगळे करण्याचा प्रस्ताव दिलेला आहे, पण तो अद्याप मंजूर झालेला नाही. मंगलताईंकडे सध्या नऊ माता आहेत आणि त्यांतील चौघींची माहेरे मुंबईबाहेर आहेत.